आईचं पाठांतर आणि लेकीची वेणी : ज्यू समर कॅम्प निवडताना

हिवाळा सरत आला की न्यू जर्सीतल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यू घरांतून एक प्रश्न सल्ल्यासाठी माझ्याकडे हमखास येतो. मूल आठ-दहा वर्षांचं झालेलं असतं, सिनेगॉगमधली त्याच्या वयाची मुलं उन्हाळ्यात राहायच्या ज्यू कॅम्पला जाऊन आलेली असतात, आणि आईवडील म्हणतात, ‘पाठवायचंय हो, पण आमचं मूल तिथे वेगळं पडलं तर?’ खर्च, अंतर, जेवण हे सगळं नंतर निघतं. आधी निघतो रंग आणि आडनाव. कॅम्पमधली बहुतेक मुलं गोरी, त्यांचे पणजोबा पोलंड-रशियाकडचे. आणि आपलं आडनाव ‘कर’ने संपणारं.

अशा एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आई ठाण्याची, वडील अलिबागकडचे, मुलगी दहा वर्षांची. आईच्या हातात कॅम्पांच्या माहितीपत्रकांची जाड फाइल होती, पण ती उघडायच्या आधीच तिने लेकीला खूण केली आणि मुलीने एका दमात इंग्रजीत म्हणून दाखवलं : नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी, तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव. श्वास घेतला तो थेट शेवटी.

‘हे पाठ का करून घेतलंत?’

‘कोणीतरी विचारणारच ना मॅडम, इंडियन आणि ज्यू कशी म्हणून. तिला उत्तर देता आलं पाहिजे.’

‘तुम्हाला विचारलं होतं कोणी?’

‘मला फारसं नाही.’ मग थांबून, ‘माझ्या आजोबांना.’

आजोबा पन्नासच्या दशकात इस्राएलला गेलेले, पुढे परतलेले. बेने इस्राएलांच्या लग्नांना तिथल्या धर्मपीठाने हरकती घेतल्या, वंशावळी मागितल्या, त्यावरून आंदोलन झालं आणि १९६४मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. आजोबा घरी याबद्दल चकार शब्द काढत नसत. पण सगळी कागदपत्रं एका पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवत, आणि ती पेटी आईने लहानपणी रोज पाहिली होती.

माझ्या कामाचा सगळा भर यावर आहे : एका पिढीचा अपमान न बोलता घरात राहिला, की पुढच्या पिढ्या त्याच परीक्षेची तयारी करत बसतात, परीक्षा केव्हाच रद्द झालेली असली तरी. ही आई लेकीला कॅम्पला पाठवतच नव्हती. ती तिला १९६४च्या आधीच्या त्या धर्मपीठाच्या कचेरीत, आजोबांच्या बाजूने साक्ष द्यायला पाठवत होती. हे असं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘पेटी अजून माझ्या भावाकडे आहे.’

मुलीशी मी वेगळं बोलले. विचारलं, ‘कॅम्पबद्दल तुला काय काय विचारायचंय?’ मुलांना हा प्रश्न टाकला की घाई करायची नाही. तिने उशीचा कोपरा मुरगाळला, सोडला, पुन्हा मुरगाळला. आणि म्हणाली, ‘माझी वेणी कोण घालणार?’

कमरेपर्यंत केस. दर रविवारी तेल, रोज सकाळी आई मागे बसून वेणी घालणार. बारा मुलींच्या केबिनमध्ये, पोहून आल्यावर ओल्या केसांचा गुंता घेऊन आपण उभ्या आहोत, हे चित्र त्या मुलीला झोपू देत नव्हतं. त्या मागोमाग दुसरा प्रश्न आला : ‘आणि कोणी विचारलं, पण मला सांगायचा कंटाळा आला तर?’

मग आईला आत बोलावलं आणि मुलीला तोच प्रश्न तिच्यासमोर विचारायला सांगितलं. आईने फाइल बाजूला ठेवली. ‘तर म्हणायचं, आत्ता पोहायला चाललेय, नंतर सांगेन,’ ती म्हणाली. ‘आणि नंतर नाही सांगितलं तरी चालेल.’ मुलगी हसली. चोख उत्तर तिच्याकडे आधीपासून होतं. ते न देण्याची मोकळीक नव्हती. रंगाने, आडनावाने वा भाषेने वेगळ्या मुलाला परक्या गटात पाठवताना या मोकळिकीइतकी कामाची शिदोरी दुसरी कुठलीच मला माहीत नाही.

कॅम्पची निवड यानंतर सोपी होते, कारण आपण काय शोधतो आहोत ते कळलेलं असतं. आपल्या घरी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस, जसा पाळतात, त्याच्या जवळपासचा कॅम्प घ्यावा. रामा हे कन्झर्व्हेटिव्ह या मधल्या वाटेच्या पंथाचे कॅम्प, १९४७मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सुरू झालेले : रोज सकाळी प्रार्थना, काटेकोर कोशेर (ज्यू आहारनियम), हिब्रूचा वापर भरपूर. रिफॉर्म या उदारमतवादी पंथाच्या युनियनचे कॅम्प गिटार आणि गाण्यांचे, नियमांना सैल. बने अकिवा या युवक संघटनेचे मोशावा कॅम्प ऑर्थोडॉक्स, म्हणजे नियमांना कडक. हाबोनिम द्रोर आणि यंग जुडिया इस्राएलकेंद्री युवक चळवळीचे. धर्मविधी कमी, हिब्रू आणि चर्चा जास्त. घरात मेणबत्त्या लावून किद्दूश (शब्बाथची द्राक्षरसावरची प्रार्थना) होत असेल पण रोजची प्रार्थना नसेल, तर थेट ऑर्थोडॉक्स कॅम्पात टाकलेलं मूल पहिल्या सकाळी प्रार्थनेचं पुस्तक कुठून उघडायचं यावरच अडतं. उलट घरी कडक कोशेर असेल आणि कॅम्पात तसं नसेल, तर मूल ताटाकडे बघत बसतं. दोन्हीकडे रंगाचा काही संबंध नसतो, पण मुलाला वाटतं आपल्या वेगळेपणामुळेच हे झालं.

संचालकांशी फोनवर बोला, केवळ पत्रकं वाचू नका. अमेरिकन कॅम्प असोसिएशनची मान्यता आहे का ते विचारा. राहायच्या कॅम्पात त्यांचं प्रमाण सहा ते आठ वयाच्या सहा मुलांमागे एक काळजीवाहक, नऊ ते चौदा वयाच्या आठ मुलांमागे एक असं आहे. गेल्या वर्षीचे किती काळजीवाहक यंदा परत येताहेत? रात्री नर्स कॅम्पात राहते का? मूल तिसऱ्या रात्री रडलं तर कोण बसतं त्याच्याशी, आणि घरी फोन केव्हा येतो? मांस न खाणाऱ्या मुलाच्या ताटात मांसाच्या जेवणाच्या वेळी नेमकं काय असतं? (कोशेर स्वयंपाकघरात मांस आणि दुधाचे पदार्थ एकत्र येत नाहीत, म्हणून त्या वेळी चीज किंवा दही मिळणार नाही, हे शाकाहारी घरांच्या लक्षात येत नाही.) केबिनमध्ये एक ओळखीची मैत्रीण मागता येते का?

आणि आपल्या लोकांनी एक प्रश्न जरूर विचारावा : तिशा बआव तुम्ही कसा पाळता? जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या दुखवट्याचा हा उपवास जुलै-ऑगस्टमध्ये, बरेचदा ऐन कॅम्पच्या दिवसांत येतो. कितीतरी कॅम्पांत मुलं संध्याकाळी जमिनीवर बसून मंद उजेडात विलापगीतं ऐकतात. आपल्याकडे तोच बिरड्याचा रोजा. मोड आलेल्या, सोललेल्या वालांचं बिरडं हे या उपवासाशी जोडलेलं जेवण. या आईने दोन संचालकांना हे सांगून पाहिलं. पहिले म्हणाले, ‘काळजी करू नका, आमच्याकडे सगळे सारखेच.’ दुसऱ्या बाईंनी विचारलं, ‘बिरडं म्हणजे कसं करता? तिला सांगावंसं वाटलं तर सांगू दे, पण आम्ही तिला सगळ्यांसमोर उभं करणार नाही.’ आईने दुसरा कॅम्प घेतला. मीही तोच घेतला असता. ‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्या जागी वेगळं मूल स्वतःच स्वतःला समजावत बसतं.

पैशांचं गणित आधीच्या शरद ऋतूतच मांडा, कारण नोंदणी तेव्हाच उघडते. पहिल्यांदा राहायच्या ज्यू कॅम्पला जाणाऱ्या मुलांना ‘वन हॅपी कॅम्पर’ या योजनेतून १,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळू शकतं, रक्कम किती दिवस राहणार आणि कुठे राहता यावर ठरते, आणि उत्पन्नाची अट सहसा नसते. कॅम्पची स्वतःची शिष्यवृत्ती वेगळी, ती संकोच न करता मागा. बस, कपडे धुणं आणि सामानाचा खर्च शुल्कात धरलाय का तेही पाहा. पहिल्या वर्षी लहान सत्र असेल तर तेच घ्या.

वेणीचं काय झालं? मार्चपासून मुलगी स्वतः तेल न लावता मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर, गुंता सोडवायला शिकली. केस खांद्याखाली चार बोटं राहतील इतके कापले, हा तिचा निर्णय. कॅम्पच्या पहिल्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात उवा तपासतात, हेही तिला आधीच सांगून ठेवलं; नाहीतर ते आपल्यालाच का, असं तिला वाटलं असतं. मे महिन्यात मावशीकडे दोन रात्री, फोन न करता. दोन पांढरे पोशाख घेतले, कारण शब्बाथला कितीतरी कॅम्पांत पांढरं घालतात.

‘नाही आवडलं तर लगेच न्यायला येऊ,’ असं मात्र कबूल करू नका. पहिल्या अवघड रात्री मुलाला तेवढंच आठवतं आणि रुळायचा प्रयत्न तिथेच थांबतो. त्याऐवजी सांगा, ‘घरची आठवण येईल, सगळ्यांना येते, तेव्हा काळजीवाहकाला सांग.’ पहिलं पत्र मूल निघायच्या आधीच टपालात टाका, म्हणजे पहिल्या दिवशी पोचेल. त्यात ‘घर सुनं झालंय’ लिहू नका. आजीने कुठली भाजी केली, मांजर कुठे झोपलं, एवढं पुरे. शेवटी एक प्रश्न असू द्या, ज्याचं उत्तर तीन ओळींत देता येईल. तिकीट लावलेले, पत्ता लिहिलेले लिफाफे सामानात ठेवा; ते नसले तर पत्र येत नाही आणि तुम्ही उगाच घाबरता.