२००३ ची बीएमडब्ल्यू ३२५आय (ई४६) नाशिकमध्ये सांभाळता येईल का? मेकॅनिक म्हणतोय थर्मोस्टॅट काढून टाका

तुम्ही विचारलंय गाडी घ्यावी का, वर्षाला खर्च किती आणि नाशिकमध्ये तिचं काम कोण करतं. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. "ओळखीचा मिस्त्री म्हणतोय आपल्या हवेत थर्मोस्टॅटची गरजच नाही, गाडी आली की पहिला तोच काढू." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. त्या मिस्त्रीला गाडीला हात लावू देऊ नका. माणूस चांगला असेल, मारुतीचं काम झकास करत असेल, पण ही गाडी त्याच्याकडे नाही न्यायची.

माझ्याकडे हीच आहे, ३२५आय, ई४६ म्हणजे त्या पिढीच्या ३ सिरीजचा कंपनीतला कोड, अडीच लिटरचं सहा सिलिंडर एम५४ इंजिन, ऑटोमॅटिक, मुंबईहून सेकंडहँड आणलेली. आमच्या दाजींनी पुतण्याच्या लग्नाला नवरदेवासाठी मागून नेली. दाजींना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. येवल्याला लग्न, मे महिना, पुढे डीजे, मागे ही गाडी मुंगीच्या पावलाने, आणि बीएमडब्ल्यूच्या त्या दोन नाकपुड्या असतात ना पुढच्या ग्रिलला, त्यावर झेंडूचे हार गच्च. वरातीतच कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी कमी झाल्याचा, पिवळा दिवा लागला. दाजींनी मला फोन करायचा सोडून गाडी थेट त्यांच्या नेहमीच्या गॅरेजला नेली आणि तिथल्या मिस्त्रीने काय केलं, तर थर्मोस्टॅट काढला. काढला म्हणजे या गाडीत तो नुसता काढताच येत नाही, प्लास्टिकच्या हाउसिंगमध्येच बसवलेला एकच पार्ट येतो, तर त्या पठ्ठ्याने आतला व्हॉल्व्ह कापून काढला आणि रिकामं हाउसिंग परत लावून वर बोअरचं पाणी भरून दिलं. पाणी कमी कशामुळे झालं होतं हे कोणीच बघितलं नाही. मला गाडी परत देताना दाजी म्हणाले, "बघ, काटा आता मधेसुद्धा येत नाही, किती थंड चालतेय!"

इथेच सगळी गंमत आहे. ई४६ चा टेम्परेचरचा काटा खरं सांगतच नाही. साधारण ७५ ते ११५ डिग्रीपर्यंत तो मधोमध गप्प बसतो, गिऱ्हाइकाने उगाच घाबरू नये म्हणून कंपनीनेच तसा ठेवलाय. म्हणजे तो मधल्या रेघेच्या अलीकडे थांबत असेल तर इंजिन पुरेसं गरमच होत नाहीये, आणि रेघ ओलांडून पलीकडे गेला तर फार उशीर झालेला असतो. एम५४ चा थर्मोस्टॅट ९७ डिग्रीचा आहे, म्हणजे तेवढ्यावर उघडणारा, शिवाय त्यात हीटरची वायर असते, लोड पडला की कॉम्प्युटर तो आधीच उघडतो. तो काढलात की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं, चेक इंजिनचा दिवा लागतो, ऑइल नीट तापत नाही म्हणून त्यातलं पाणी उडून जात नाही आणि ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) पाईपात पिवळट मलई साचते. आणि वर रेडिएटर टाळून जाणारा बायपासचा रस्ता उघडाच राहतो, म्हणजे गरम पाण्यातलं बरंचसं रेडिएटरकडे न जाता तसंच फिरून इंजिनात येतं. शहरात काटा खाली दिसतो, पण चढाला मात्र थंड व्हायची ताकद उलट कमी झालेली असते.

हे सगळं मी दाजींना तेव्हाच सांगितलं. तर म्हणे आम्ही पद्मिनीचा थर्मोस्टॅट काढून आयुष्य काढलं. नवं हाउसिंग मुंबईला ऑर्डर केलेलं, ते यायच्या आतच नेमकं काम निघालं आणि मुंबईला जावं लागलं. जाताना उतार, काही नाही. येताना कसारा घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढत होतो, काटा रेघेवर आला, आणि बघता बघता पलीकडे सरकला. मी तिथल्या तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. बोनेटमधून वाफ, खाली पाणी. हे इंजिन ॲल्युमिनियमचं, जास्त तापलं तर नुसतं हेड गास्केट जात नाही, हेडच्या बोल्टचे ब्लॉकमधले आटेच निघून येतात, मग रिपेअरचा खर्च गाडीच्या किमतीएवढा. "एवढा घाट चढून घेऊ, इगतपुरीत बघू" असं शेजारी बसलेले दाजीच म्हणत होते, हे इथे लिहून ठेवतो.

पुढचा तमाशा क्रेनवाल्याचा. तो म्हणे पुढून उचलतो आणि नाशिकपर्यंत ओढत नेतो. मी म्हटलं बाबा रे, ही ऑटोमॅटिक आहे आणि मागच्या चाकांवर चालते, मागची चाकं रस्त्यावर फिरत राहिली आणि इंजिन बंद असलं तर गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, आत ऑइल पोचत नाही, गिअरबॉक्सची वाट. फ्लॅटबेड येईपर्यंत घाटातच बसून राहिलो. तुम्ही ही गाडी घेतलीत तर फ्लॅटबेडवाल्याचा नंबर आधी सेव्ह करा, बाकीचं नंतर.

नाशिकला अंबडमध्ये एक पोरगा आहे, आधी शोरूमला होता, आता स्वतःचं छोटं गॅरेज. त्याने झाकणाच्या जागी प्रेशरचा पंप लावला आणि लगेच सापडलं, पाण्याच्या टाकीला, एक्स्पान्शन टँकला, खालच्या शिवणीत केसाएवढी चीर. म्हणजे वरातीत पाणी कमी झालं ते या चिरेमुळे. ई४६ चा हा रोग जगभर माहितीये, टाकी प्लास्टिकची, वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होते आणि एक दिवस फुटते. दाजींच्या मिस्त्रीने ती तपासायला हवी होती, थर्मोस्टॅट नव्हे. मग एकदाच सगळं बदललं: रेडिएटर, टाकी, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, वरचा-खालचा होज, सेन्सर, पट्टे. काही माल मुंबईहून, काही बाहेरून मागवावा लागला. बेर, वाहलर असल्या कंपन्यांचा घ्या, बॉक्सवर बीएमडब्ल्यूचा शिक्का नसला तरी माल तोच असतो. पाणी भरताना इग्निशन ऑन, हीटर फुल गरमवर, पंखा सगळ्यात हळू, टाकीजवळचा ब्लीडचा, म्हणजे अडकलेली हवा काढायचा, स्क्रू सैल करायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू ओतत राहायचं. कूलंट निळं, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नाही. परत सांगतो, बोअरचं पाणी नाही.

मग दाजींना पुरावा म्हणून मीटरचा लपवलेला मेनू दाखवला. ट्रिपचं बटण दाबून धरलं की तो येतो, १९ नंबरच्या टेस्टला चासी नंबरच्या शेवटच्या पाच आकड्यांची बेरीज देऊन लॉक उघडायचं, मग ७ नंबरला खरं टेम्परेचर दिसतं. ९५ दिसलं. दाजी लगेच, "पंच्याण्णव? अरे उकळतंय की!" आता यांना काय सांगायचं, टाकीच्या झाकणावर २ बारचा आकडा असतो, काहींवर १.४, कुकरसारखंच आहे, दाबाखाली पाणी १२५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. तरी त्यांचं आजही म्हणणं हेच की थर्मोस्टॅट काढला होता म्हणूनच इंजिन वाचलं. ज्या शहरात मायको सर्कल आहे (मायको म्हणजे इथल्या बॉशचं जुनं नाव), जिथे बॉशचे नोझल आणि इंजेक्टर सातपूरला बनतात, तिथे या विषयावर भांडावं लागतं राव.

बरं, तुमचा प्रश्न. खर्च मी आकड्यात सांगणार नाही, गाडीची अवस्था बघितल्याशिवाय कोणी सांगत असेल तर तो फेकतोय. पण दरवर्षी लाखभर बाजूला टाकता येत नसतील तर नका घेऊ. ऑइल साडेसहा लिटर बसतं, डब्यावर एलएल-०१, म्हणजे बीएमडब्ल्यूची ऑइलची मान्यता, लिहिलेलं बघा. बघायला जाल तेव्हा गाडी लिफ्टवर घ्या आणि डिक्कीखाली, मागचा ॲक्सल जिथे बॉडीला बोल्ट होतो तिथे पत्र्याला चिरा आहेत का बघा, हा ई४६ चा दुसरा रोग आणि पाण्याच्या टाकीपेक्षा महाग. व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट गळतच असतं, पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश गेलेलेच असतात, त्यावरून भाव पाडा. कागद नीट बघा, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या इम्पोर्टेड चारचाकीच्या रजिस्ट्रेशन रिन्युअलची फी ८०,००० झालीये, आधी ४०,००० होती. पेठ रोडच्या आरटीओत उभं राहून हे कळण्यापेक्षा आत्ताच मालकाला विचारा रिन्युअल कधी झालं ते.

आणि हो, मी काही मेकॅनिक नाही. मॅन्युअल गिअरवाल्या ई४६ ला पंख्याची रचना वेगळी असते, आणि ई९०, म्हणजे पुढच्या पिढीची ३२५आय घेणार असाल तर तिचा वॉटर पंपच इलेक्ट्रिक आहे, तिथे ब्लीड करायची पद्धतही दुसरी. डिझेलचं मला विचारू नका.

"आपल्या हवेत गरज नाही" म्हणणाऱ्या तुमच्या मिस्त्रीला आमच्या दाजींकडे पाठवा. दाजी राहतात निफाडला, जिथला पारा थंडीत अख्ख्या राज्यात खाली म्हणून दरवर्षी पेपरात बातमी येते. त्यांनी स्वतःच्या गाडीचाही थर्मोस्टॅट काढलाय, त्यामुळे हीटर लावला की गार हवा येते आणि जानेवारीत ताई शाल गुंडाळून पुढच्या सीटवर बसते. मागच्या भाऊबीजेला मी त्यांच्या गाडीचा नवा थर्मोस्टॅट, गास्केटसकट, नेऊन दिला. तो अजून शोकेसमध्ये आहे. दाजी, हे वाचत असाल तर अर्ध्या तासाचं काम आहे, गाडी अंबडला आणा, पैसे मी देतो.

तुम्ही गाडी बघायला जाल ते सकाळी जा आणि मालकाला सांगून ठेवा की आधी चालू करून ठेवू नका. गार इंजिनपासून चालवा, काटा दहा-पंधरा मिनिटांत मधे यायला हवा आणि तिथेच राहायला हवा. मधल्या रेघेच्या अलीकडेच थांबला तर हाउसिंग रिकामं आहे का ते बघूनच भावाचं बोला.