लिंबाचा रस चेहऱ्याला लावावा की प्यावा?

तुम्ही विचारलंय की रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून घेतलं आणि रात्री चेहऱ्याला लिंबाचा रस चोळला, तर महिन्याभरात मुरमांचे डाग जातील का आणि वजन उतरेल का. शिवाय दोन रात्री रस लावल्यावर चेहऱ्याची आग झाली, ती गुण येत असल्याची खूण समजायची का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याची घाई आहे. नाही, ती गुण येण्याची खूण नाही. त्वचा पोळतेय. आज रात्रीपासून रस लावणं बंद करा.

हे मी स्वतःच्या हातावरून सांगते. काही वर्षांपूर्वी एका दुपारी मी अंगणात बसून तीस-चाळीस लिंबं पिळली होती. रस बोटांच्या बेचक्यांतून मनगटावर आणि तिथून कोपरापर्यंत ओघळत होता. हात नुसते पाण्याखालून काढले आणि तशीच उन्हात कामाला लागले. त्या दिवशी काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात लाल झाला, तिसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड आले. फोड बसले आणि मागे तपकिरी डाग राहिले, तेही बरोब्बर रस ओघळला होता तसे: मनगटापासून कोपरापर्यंत तीन रेघा आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात एक ठिपका. त्वचारोगतज्ज्ञांनी हात बघताच पहिला प्रश्न विचारला, "लिंबू पिळून उन्हात गेला होतात का?" डाग पूर्ण जायला चार महिने लागले.

लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन पडलं, की उन्हातल्या अतिनील किरणांमुळे पेशींना इजा होते. पिवळ्या मोठ्या लिंबापेक्षा पातळ सालीच्या हिरव्या लिंबात ती जास्त असतात, आणि लिंबू जोर लावून पिळलं की सालीतलं तेलही रसात उतरतं. माझे डाग हातावर होते म्हणून निभावलं. तेच गालावर आले असते तर किती दिवस घराबाहेर पडायला जीव धजला नसता, कुणास ठाऊक.

आता रात्री लावला तर ऊन कुठलं, असं तुम्हाला वाटेल. पण आम्लाचं काय? लिंबाच्या रसात पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं. त्याचा पीएच २ ते २.५, तर निरोगी त्वचेचा ५ च्या आसपास. या मोजपट्टीवर एक अंक खाली उतरलं की आम्लता दहापट होते. म्हणजे रस त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आंबट. मुरूम नुकतंच फुटलेल्या जागी तो चोळायचा म्हणजे जखमेवरच चोळायचा. आणि गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेचा स्वभाव असा, की जिथे दाह होतो तिथे ती जास्त रंग तयार करते. डाग घालवायला लावलेल्या रसाने नवे डाग पडतात, ते असे.

"पण क जीवनसत्त्वाने डाग फिके होतात ना?" होतात, आणि ही समजूत तिथूनच आली आहे. मात्र औषधाच्या दुकानातल्या सीरममध्ये ते बहुधा १० ते २० टक्के असतं. लिंबाच्या १०० ग्रॅम रसात ते ३० ते ५० मिलीग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्क्यांच्याही आत. सीरमच्या तुलनेत किमान दोनशे पट कमी! डागांवर परिणाम व्हावा इतकं ते त्यात नाहीच, चटका मात्र पुरेपूर आहे. मधात, दह्यात कालवून लावला तर आंबटपणा थोडा सौम्य होतो, बाकी गोष्टी तशाच राहतात.

केसांतल्या कोंड्यासाठीही लोक लिंबू चोळतात. टाळू कोरडी पडते आणि खाजेने खपल्या अजून सुटतात, मी हा उपाय सांगणार नाही. बाहेरून वापरायचंच असेल तर मासे साफ केल्यावर हाताला राहणारा वास घालवायला लिंबू उत्तम. वास अमाइन्स नावाच्या द्रव्यांचा असतो आणि आम्लाने तो दबतो. नंतर हात साबणाने धुवा, मगच उन्हात जा.

मला मनापासून वाटतं की लिंबू त्वचेपर्यंत पोटातूनच पोचवावं. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरने सॅलिसबरी या ब्रिटिश युद्धनौकेवर स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, झालेल्या १२ खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं, ते झपाट्याने सुधारले. फळं सहा दिवसांत संपली, तेवढ्यात एक जण जवळजवळ कामावर जाण्याइतका बरा झाला होता. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं, जुने भरलेले व्रण पुन्हा उघडतात, कारण त्वचेला बांधून ठेवणारं कोलॅजन बनवायला क जीवनसत्त्व लागतं आणि माणसाचं शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ७५ ते ९० मिलीग्रॅम पुरतं. एकट्या लिंबातून तेवढं मिळणं कठीण, म्हणून पेरू, आवळा, संत्रं हेही खा.

डाळी, कडधान्यं, पालेभाज्यांवर लिंबू पिळण्याची सवय तर सोडूच नका. वनस्पतींतलं लोह शरीर नाखुशीनेच घेतं, क जीवनसत्त्व सोबत असलं की ते जास्त शोषलं जातं. उष्णतेने हे जीवनसत्त्व कमी होतं, तेव्हा गॅस बंद केल्यावर, ताटात घेतानाच पिळा. लघवीत सायट्रेट (सायट्रिक आम्लाचंच एक रूप) कमी असल्याने ज्यांना वारंवार कॅल्शियमचे मूतखडे होतात, त्यांना डॉक्टर लिंबाचा रस पाण्यातून घ्यायला सांगतात, त्यामागेही कारण आहे: सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे त्याचे खडे सहज बनत नाहीत.

वजनाचं मात्र, लिंबाने चरबी वितळत नाही. साखरेच्या पेयाऐवजी बिनसाखरेचं लिंबूपाणी घेतलंत तर तेवढी साखर वाचेल, फायदा तेवढाच. घ्यायचं तर अर्धं लिंबू मोठ्या ग्लासभर पाण्यात, घोळवत न बसता प्या, वर साध्या पाण्याची चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास दात घासू नका. आम्लाने दातांचं वरचं कवच तात्पुरतं मऊ पडतं, त्यावर ब्रश फिरवला तर ते झिजतं. पित्ताचा त्रास किंवा तोंड आलेलं असेल तर उपाशीपोटी घेऊच नका.

तुमच्या चेहऱ्यासाठी सध्या एवढंच करा: साधं सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसा किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन. आठवडाभरात आग आणि लाली गेली नाही, किंवा फोड आले, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि लिंबू लावलं होतं हे त्यांना आधी सांगा.