आधी सासूबाईंना सांगा

पत्र: मी ४३ वर्षांची, वारज्यात राहते. यजमानांची हिंजवडीतली नोकरी मार्चमध्ये गेली. अकरा वर्षं होते तिथे. ‘राजीनामा द्या’ म्हणाले, यांनी दिला. तरी रोज साडेआठला बॅग घेऊन निघतात, मी डबाही भरून देते. परत येतात तेव्हा बुटांना टेकडीची माती असते. मुलगी दहावीत आहे, तिला माहीत नाही. सासूबाई ७४ वर्षांच्या, शनिवार पेठेत वाढलेल्या. पानशेतच्या पुरात त्यांचं घर गेलं होतं. या वयात आणखी धक्का नको म्हणून त्यांनाही सांगितलेलं नाही. परवा मी पहिल्यांदाच कर्जाचं खातं उघडून बघितलं, अजून नऊ वर्षं फेडायचंय. बहीण म्हणते, संकटातून माणूस घडतो. मला तर आम्ही रोज थोडे थोडे मोडताना दिसतोय. – एक वाचक

तुमच्या बहिणीचं मन चांगलं असेल, पण तिचं ते वाक्य मला कधीच पटलेलं नाही. संकट येतं, हप्ते थकवतं, झोप उडवतं, घरातल्यांना एकमेकांवर खेकसायला लावतं. त्याच्याशी चार हात करताना माणूस घडला तर घडतो, आणि त्यासाठी आधी संकट आहे हे कबूल करावं लागतं. तुमच्या घरी सगळी ताकद ते झाकण्यात चालली आहे. यजमानांचा अख्खा दिवस लपून राहण्यात जातो. नोकरी शोधायची कधी?

डबा ते टेकडीवर बसून खातात हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्हाला ठाऊक आहे हे बहुधा त्यांनाही कळलेलं आहे. मग हे नाटक चाललंय कुणासाठी? मुख्यतः सासूबाईंसाठी.

१२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं. सासूबाई तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या असणार. घरं गेलेली कितीतरी कुटुंबं आधी शाळांतून राहिली, मग पत्र्याच्या अर्धगोल निसेन हटमध्ये. भांडीकुंडी, अंथरुणं, मुलांची दप्तरं, सगळं पहिल्यापासून जमवायचं. (आम्ही पुणेकर पुराच्या गोष्टी आता फार कौतुकानं सांगतो. काही घरं त्यातून पुन्हा सावरली नाहीत, ते कुणी सांगत नाही.) तुमच्या घरात सगळं वाहून गेलेलं बघितलेलं एकच माणूस आहे, आणि तुम्ही नेमकं त्यांनाच सांभाळून घेताय! त्यांना वाईट वाटेल, रात्रभर झोप लागणार नाही, कदाचित पोथी काढून बसतील. बसू देत. नंतर बाहेरून कळलं तर मात्र आपल्याला घरातलं मानलंच नाही, हे त्यांना जास्त लागेल.

सांगायचं यजमानांनी, तुम्ही शेजारी बसा. ‘आई, मार्चपासून माझी नोकरी नाही,’ एवढं पुरे. पुढचं त्या विचारतील. मुलीलाही त्याच दिवशी सांगा. तिला काहीतरी बिनसलंय हे कळलेलं असणारच. आईबाबांचं पटत नाही, अशी काहीतरी समजूत करून घेऊन ती गप्प बसली असेल.

आता पैशाचं. हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत जा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का ते विचारा. ९० दिवस थकलं की खातं बुडीत कर्जात धरतात, मग तीच बँक वेगळ्या सुरात बोलते. राजीनामा दिला असला तरी पाच वर्षांपुढच्या नोकरीची ग्रॅच्युइटी मिळते, तीही ३० दिवसांत मिळायला हवी. आली नसेल तर कंपनीला लेखी कळवा. कंपनीचा आरोग्य विमा साधारणपणे नोकरीबरोबर संपतो, तेव्हा सासूबाई कुठल्या पॉलिसीत आहेत ते आजच बघा.

यजमानांचं जेवण, झोप तुटली असेल, ‘माझा आता काय उपयोग’ अशी भाषा येत असेल, तर वाट बघू नका. मनाच्या आरोग्यासाठी मदत करणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्यांनी नाही केला तर तुम्ही करा.

आणि एक. कर्जाचं खातं पहिल्यांदाच उघडलं, हे तुम्ही ओशाळून लिहिल्यासारखं वाटलं. मला पत्रातली तीच ओळ सगळ्यात आवडली. इतकी वर्षं जे काम ‘ते बघतात’ म्हणून सोडून दिलं होतं, ते तुम्ही हातात घेतलंत. नवी नोकरी लागली तरी पुन्हा त्यांच्यावर टाकू नका. महिन्याचा हिशेब दोघांनी बसून करा, सासूबाईंनाही बसवा. काटकसरीत त्या तुम्हा दोघांना मागे टाकतील.

सोसायटीत कधी सांगायचं ते सावकाश ठरवा. मेंटेनन्समध्ये सवलत कुणी देणार नाहीये, त्यामुळे घाई नाही.