गे असून नौदलात भरती होता येईल का?

तू विचारलंयस की, 'मी डिचोलीचा, वय एकोणीस, गे आहे. अग्निवीर म्हणून नौदलात जायचंय. जाऊ का? आणि आमच्यासारख्यांवर तिथे इतका राग का?'

जा. मी नौदलातून निवृत्त होऊन वास्कोत राहतो, आणि हे विचार करूनच सांगतोय. पण कायदा आधी समजून घे. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध कलम 377 मधून काढले. डिचोलीत तू गुन्हेगार नाहीस. अंगावर गणवेश चढला की मात्र घटनेचं कलम 33 लागू होतं. सैनिकांचे मूलभूत हक्क संसद कमी करू शकते. लष्कर कायदा 1950, कलम 46: 'अनैसर्गिक' वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद. नौदलाचा कायदा वेगळा, 1957 चा, पण शिस्तभंगाचं मोघम कलम त्यातही आहे, आणि त्यात काय बसवायचं ते वरचे ठरवतात. जानेवारी 2019 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी पत्रकारांना सांगितलंच होतं की लष्करात हे चालू देणार नाही.

रागाचं कारण विचारलं की लोक म्हणतात, एकत्र झोपावं लागतं, बाकीच्यांना संकोच होतो. मी मेस डेकवर, म्हणजे जहाजावरच्या खलाशांच्या राहायच्या जागेत, वर्षानुवर्षं झोपलोय. बंकवर बंक, कुस बदलली तर कोपर लोखंडाला लागतं, आणि वॉच, म्हणजे ड्युटीची पाळी, संपवून आलेला माणूस बूट काढायच्या आत घोरायला लागतो. कुणी कुणाला त्रास दिला तर त्या वागण्याची शिक्षा द्या, मग तो बाईच्या मागे लागलेला असो की पुरुषाच्या.

आमच्यात एक होता. लॉकरच्या दाराला आतून एका मुलीचा फोटो. सगळे तिला वहिनी म्हणायचे, तो नुसता हसायचा. ती त्याची मामेबहीण, हे त्याने मला निवृत्तीनंतर सांगितलं. इंजिनरूममध्ये आग लागली तेव्हा मास्क चढवून पहिला आत शिरला तो हाच, आणि त्याच्यामागे होज धरून जाताना कुणालाही संकोच वाटला नव्हता. असा माणूस सगळी नोकरी धाकात काढतो. ज्याला लपावं लागतं त्याला धमकावून काहीही करून घेता येतं. म्हणून मला असं लपायला लावणारा नियमच सुरक्षेला घातक वाटतो.

ब्रिटनने युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात हरल्यावर जानेवारी 2000 मध्ये सैन्यातल्या समलिंगींवरची बंदी उठवली, आणि 2023 मध्ये जुन्या सैनिकांची माफी मागितली. अमेरिकेने 2011 मध्ये उठवली, पण तोवर तेरा हजारांवर माणसं घरी पाठवून झाली होती.

सध्या तरी युनिटमध्ये स्वतःहून कुणाला सांगू नकोस. हे लिहिताना मला वाईट वाटतंय. फोनमध्ये फोटो, चॅट ठेवू नकोस. नौदलाबाहेरच्या एका तरी भरवशाच्या माणसाला ठाऊक असू दे. कुणी धमकावलं तर पैसे देऊ नकोस, मेसेज जपून ठेव आणि वकील गाठ. नोकरीवरून काढलंच तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैनिकांच्या नोकरीच्या तक्रारी ऐकणारं न्यायाधिकरण आहे, गोव्याची प्रकरणं मुंबईच्या खंडपीठाकडे जातात. घरचे लग्नाचं काढतील ती काळजी आत्ताच करू नकोस. अग्निवीराला चार वर्षं लग्न करताच येत नाही.