कर्ज फेडायचे आहे आणि कॉन्व्हेंटात जायचे आहे

प्रिय मावशी,

मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची, वय 27. घरी आम्ही कोकणी बोलतो, शाळा मराठीतून झाली आणि गेली चार वर्षे बेळगावच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करताना कानडीही जमू लागली आहे. वडील तीन वर्षांपूर्वी वारले. आईला मधुमेह आहे, ती शिवणकाम करते. भाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जापैकी 1 लाख 80 हजार रुपये अजून बाकी आहेत आणि दरमहा साडेपाच हजारांचा हप्ता माझ्या पगारातून जातो.

व्रतस्थ व्हावे असे लहानपणापासून मनात आहे. माझी आत्या कॉन्व्हेंटात राहणारी व्रतस्थ सिस्टर आहे. ती म्हणते, देवाची हाक थांबत नाही आणि तिशीनंतर सिस्टरांचा कोणताही संघ घेणार नाही. आई रडते आणि विचारते, 'तू देवाची झालीस, मग मी कोणाची?' पगार घेऊन मी जे करते त्याला सेवा म्हणायला माझे मन तयार होत नाही. मागच्या आठवड्यात बैलहोंगलकडच्या एका म्हातारीजवळ रात्रभर बसले होते. पहाटे तिचे केस विंचरून दिले, तर ती मला 'तंगी, तंगी' म्हणू लागली. तेव्हा वाटले, हेच निखळपणे करायचे असेल तर कॉन्व्हेंटातच गेले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी माझे ठरलेले लग्न मोडले, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी आईशी निष्ठुर वागते आहे, की देवाशी?

— एक वाचक

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या म्हातारीपाशी थांबले. कानडीत 'तंगी' म्हणजे धाकटी बहीण. आपल्या मराठी कानाला मात्र त्या शब्दात आधी पैशांची ओढाताण ऐकू येते, आणि तुझ्या पत्रात तर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत आहेत. दवाखान्यात दिवसभर प्रत्येक रुग्ण तुला 'सिस्टर' म्हणून हाक मारतो. हा शब्द परिचारिकांकडे आला तो रुग्णसेवा करणाऱ्या व्रतस्थ भगिनींकडूनच. म्हणजे ज्या नावासाठी तू घर सोडायला निघाली आहेस, ते नाव कामाच्या ठिकाणी तुला आधीच मिळालेले आहे. हे मी शब्दांशी खेळण्यासाठी सांगत नाही. पगारी काम म्हणजे सेवा नव्हे, ही तुझी समजूत मला तुझ्या पत्रातली सर्वांत घातक गोष्ट वाटते, आणि ती दूर झाल्याशिवाय तू कोणताही निर्णय घेऊ नयेस असे माझे स्पष्ट मत आहे.

संत पौल तंबू शिवून पोट भरत असे आणि करिंथात सुवार्ता सांगत असतानाही त्याने तो धंदा सोडला नव्हता. तुझी आईही शिवते; तिच्या मशीनवर जे घर चालले, त्या घरातूनच तू परिचारिका झालीस. मत्तयाच्या शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाचा जो प्रसंग आहे, त्यात भुकेल्याला अन्न दिलेस का, आजाऱ्याची विचारपूस केलीस का, एवढेच विचारले आहे. त्या कामाचे वेतन घेतलेस का, हे कोणालाही विचारलेले नाही. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज काढला, त्याचे एक संपूर्ण प्रकरण पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे हे सांगण्यासाठी खर्ची पडले आहे. धर्मगुरू आणि सिस्टर वरच्या पायरीवर, आणि नोकरी करून संसार सांभाळणारे प्रापंचिक खालच्या पायरीवर, ही उतरंड आपल्या मनात पक्की बसलेली आहे. आपल्या भागातल्या घरांत ती जरा जास्तच आहे. कुटुंबातून एक जण फादर किंवा सिस्टर झाला की बाकीच्या भावंडांची भक्ती आपोआप दुय्यम ठरते.

झेली मार्टिन या फ्रेंच स्त्रीची गोष्ट तुला ठाऊक असेल; संत छोट्या तेरेझाची ती आई. तरुणपणी तिला रुग्णसेवा करणाऱ्या सिस्टरांच्या संघात जायचे होते, पण तिला प्रवेश नाकारला गेला. मग तिने लेस विणण्याचा व्यवसाय उभारला, लग्न केले, मुले वाढवली, कारागीर बायकांचे हिशेब ठेवले. 2015 मध्ये ख्रिस्तसभेने तिला तिच्या पतीबरोबर संतपद दिले. कॉन्व्हेंटाचे दार बंद झाल्यावर तिने केलेली लेस आणि सांभाळलेले घर यांत पावित्र्य कमी भरले, असे काही कोणी म्हटले नाही.

आता कर्जाविषयी. तुला वाटते की हप्त्यांचा विचार करणे म्हणजे देवाच्या हाकेसमोर रुपये मोजत बसणे. ख्रिस्तसभेला तसे वाटत नाही. तिच्या 1983 च्या धर्मसंहितेत, म्हणजे कायद्याच्या ग्रंथात, स्पष्ट नियम आहे की ज्याच्या डोक्यावर न फेडता येण्याजोगे कर्ज आहे, त्याला नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रते घेण्याआधीच्या शिक्षणकाळात, प्रवेश देऊ नये. पगार थांबल्यावर तुझे कर्ज कोण फेडणार? आईने, की अजून नोकरीलाही न लागलेल्या भावाने? साडेपाच हजारांच्या हप्त्याने व्याजासकट तुला तीन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. भावाला नोकरी लागून त्याने हातभार लावला तर कमी. तेव्हा तुझे वय तीस-एकतीस असेल. आत्या म्हणते तशी तिशीची कमाल मर्यादा धर्मसंहितेत कोठेही नाही. नोव्हिशिएटसाठी किमान 17 वर्षांची अट आहे. वरची मर्यादा प्रत्येक संघ आपापली ठरवतो आणि परिचारिकेसारखे शिक्षण असलेल्या उमेदवाराबाबत ती सैल करणारे संघही असतात. ज्या संघाचा तुझ्या मनात विचार आहे, त्यांनाच थेट विचार. आत्याबद्दल मला आदर आहे, पण तिचा 'थांबत नाही' हा शब्द मला पटलेला नाही. खुद्द त्या वाटेवरच थांबण्याची सोय किती आहे पाहा: आधी उमेदवारीचा काळ, मग किमान बारा महिन्यांचे नोव्हिशिएट, मग निदान तीन वर्षांची तात्पुरती व्रते, आणि त्यानंतर कोठे आजन्म व्रते. ज्या व्यवस्थेने स्वतःसाठी एवढी वर्षे राखून ठेवली आहेत, तिला तुझी तीन वर्षे जड होणार नाहीत.

आईविषयी तू विचारलेला प्रश्न फार जुना आहे. तेराव्या शतकात संत आणि धर्मपंडित थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे: आईवडिलांना मुलाच्या आधारावाचून जगताच येत नसेल, तर त्यांना टाकून व्रतस्थ होणे योग्य नाही. गंमत अशी की या थॉमसनी स्वतः डोमिनिकन संघात जायचे ठरवले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी त्यांना सुमारे वर्षभर किल्ल्यात डांबून ठेवले होते. घरच्यांचा विरोध म्हणजे काय, हे ज्याने भोगले होते, त्यानेच हे लिहिले. पण त्यांनी आईच्या गरजेबद्दल लिहिले आहे, आईच्या इच्छेबद्दल नव्हे, आणि हा फरक तुला करावाच लागेल. इन्सुलिन, कर्ज, भावाची फी ही गरज. 'तू माझ्याजवळच राहा' ही इच्छा. ती समजून घ्यावी, तिच्यासाठी रडावे, पण तिच्यापुढे आयुष्यभर मान तुकवलीच पाहिजे असे नाही. आईच्या प्रश्नात या दोन्ही गोष्टी एकत्र विणलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या करण्याचे काम तुझ्याशिवाय कोणी करू शकणार नाही. येशूने 'कुर्बान' या शब्दावरून परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मनिष्ठांना, सुनावले ते आठव: आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले असे म्हणून हात झटकणाऱ्यांवर तो संतापला होता.

आणि आता ती ओळ. 'दोन वर्षांपूर्वी माझे ठरलेले लग्न मोडले, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.' बाळ, संबंध नसता तर ती ओळ पत्रात आली नसती. मोडलेल्या लग्नानंतर आलेले प्रत्येक पाचारण खोटे असते, असे मी म्हणत नाही. पण जखम आणि हाक एकाच वेळी बोलू लागतात, तेव्हा कोणाचा आवाज कोणता हे ओळखायला वेळ लागतो. यावर उत्तम कसोटी एका रुग्णानेच घालून दिली आहे. 1521 मध्ये पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला कित्येक महिने अंथरुणाला खिळून होता. बेळगावात सेंट पॉल्स शाळेमुळे आपण ज्या जेझुइट फादरांना ओळखतो, त्यांच्या संघाचा पुढे हाच संस्थापक झाला. पडल्या पडल्या तो कधी शौर्याची आणि प्रेमाची स्वप्ने पाही, तर कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही विचार येताना गोडच वाटत. पण पहिले विचार ओसरले की मन कोरडे पडे, आणि दुसरे ओसरल्यावरही समाधान मागे राही. त्याने तो उतरता काळ पाहायला शिकवले. आणखी एक नियम त्याने घालून दिला आहे: मन खचलेले असताना आधीचा निर्णय बदलू नये.

तू रात्रपाळ्या करतेस, म्हणून तुला हे सहज करता येईल. चांगली रात्र गेली त्या दिवशी नव्हे, तर ज्या रात्री रुग्णाच्या नातेवाइकाने शिवी दिली, सलाईन दोनदा निघाले आणि डॉक्टरांनी सर्वांदेखत बोलून घेतले, त्या रात्रीनंतर सकाळच्या खानापूर बसमध्ये कॉन्व्हेंटाचा विचार तुला कसा दिसतो, ते एका वहीत लिहून ठेव. सुटका म्हणून दिसतो, की तसेच रुग्ण आणि तीच शिवी असलेले आयुष्य पुन्हा निवडावेसे वाटते? कॉन्व्हेंटाच्या दवाखान्यातही सलाईन निघतेच, आणि सुपीरियरचे, म्हणजे प्रमुख सिस्टरांचे, बोलणे काही वेळा डॉक्टरांपेक्षा कठोर असते. ही वही सहा महिन्यांनी एखाद्या अनुभवी फादरांना किंवा सिस्टरांना दाखव. आत्याला मात्र नको, कारण तिचे तुझ्यावर प्रेम आहे आणि या कामासाठी थोडा परकेपणा लागतो.

मधला एक मार्गही आहे, ज्याबद्दल आपल्याकडे कोणी फारसे सांगत नाही. 1947 मध्ये पोप बारावे पायस यांनी अशा संस्थांना मान्यता दिली, ज्यांचे सदस्य दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन स्वीकारतात, पण आपल्या नोकरीत आणि बहुधा आपल्या घरातच राहतात. तुला तेच करावेसे वाटेल असे मी म्हणत नाही. पण निवड फक्त कॉन्व्हेंट आणि लग्न या दोघांतच आहे, असे समजू नकोस.

संघाला पहिले पत्र लिहिशील तेव्हा कर्जाची रक्कम पहिल्याच परिच्छेदात लिही आणि हप्ते कधी संपतात याचा बँकेचा कागद जोड. ते तुला चार दिवस येऊन पाहायला बोलावतील. जाताना आईला बरोबर ने. 'मग मी कोणाची?' हा प्रश्न तिने तेथल्या मोठ्या सिस्टरांना स्वतः विचारू दे, आणि त्या काय उत्तर देतात ते तू शेजारी बसून ऐक.

तुझी,
मावशी