‘सर्वाधिक खपाची’ यादी: मुलांच्या पुस्तकांचं दुकान चालवलेल्या बाईकडून

तुमचा प्रश्न असा की, गावातलं मुलांच्या पुस्तकांचं दुकान दर महिन्याला व्हॉट्सॲपवर ‘सर्वाधिक खपलेली दहा पुस्तकं’ पाठवतं. घरात साडेपाच वर्षांचा मुलगा आणि दहाची मुलगी. त्या यादीवरून खरेदी करावी का? आणि ‘श्यामची आई’ तिथे बारा महिने कशी काय?

२०११ ते २०२२ मी नाशकात असलंच एक दुकान चालवायचे, क्लासेसच्या गल्लीतल्या एका गाळ्यात. अशी यादी मीही काढायचे, दर पाच तारखेला बिलबुक पुढ्यात घेऊन. त्यामुळे आतलं सांगते.

आधी ‘श्यामची आई’. पुस्तक १९३५चं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे १ जानेवारी २०११पासून हे पुस्तक कुणीही छापावं. छापतातही. माझ्या कपाटात एका वेळी पाच-पाच प्रकाशकांच्या प्रती असायच्या; कागद वेगळा, किंमत वेगळी, मजकूर तोच. पण खपाचं खरं कारण स्नेहसंमेलनातली बक्षिसं. डिसेंबर उजाडला की शाळांचे सर यायचे. एकांचं वाक्य माझ्या अजून डोक्यात आहे: “ताई, शंभराच्या आत बसणारं, जरा जाड दिसणारं, सव्वाशे नग काढा. कुठलंही द्या, संस्कारक्षम पाहिजे.” सव्वाशे प्रती, एक बिल, झाला त्या महिन्याचा पहिला नंबर. त्यातली एकही प्रत कुठल्या मुलाने हाताने उचललेली नव्हती. (पुस्तकाला नावं ठेवत नाहीये, मी स्वतः त्यावर रडलेली आहे. घेणार असाल तर ४२ रात्री, म्हणजे प्रकरणं, पूर्ण आहेत का ते अनुक्रमणिकेत मोजा. संक्षिप्त प्रतींवर तसं ठळक लिहिलेलं असेलच असं नाही.)

पुढे मी गठ्ठ्याची विक्री बाजूला काढून फक्त सुट्या विक्रीची यादी लावायला लागले. काय सांगू, दहातली सहा नावं बदलली! तुमच्या दुकानदाराला एवढंच विचारा, “यात शाळांच्या ऑर्डरी धरल्यात का?” तो हसला तर उत्तर मिळालं.

यादीत काय धरायचं हे कुणीतरी ठरवतंच, मोठ्या वर्तमानपत्रांकडेही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीत हॅरी पॉटरची तीन पुस्तकं ठाण मांडून बसली होती, पहिलं तर वर्षभराहून जास्त. चौथं यायच्या सुमारास, जुलै २०००मध्ये, त्यांनी मुलांच्या पुस्तकांची यादीच वेगळी केली, म्हणजे मोठ्यांच्या कादंबऱ्यांना वर जागा मोकळी. मग मुलांच्या यादीतही तेच होऊ लागलं, तेव्हा २००४मध्ये मालिकांची आणखी वेगळी यादी. पुस्तकं तीच, वाचणारे तेच, रकाने बदलले.

आता यादीत जे कधी येत नाही त्याबद्दल, कारण तुमच्या साडेपाच वर्षांच्या मुलासाठी नेमकं तेच लागणार आहे. लहानांची चित्रपुस्तकं बहुतेक पिना मारलेली असतात. त्यांना कणाच नसतो. इतर पुस्तकांसारखी उभी लावली की दोन जाड पुस्तकांच्या मध्ये गडप, नाव दिसायला जागाच नाही. मी भिंतीवर दोन फुटांवर नायलॉनची दोरी बांधली आणि कपड्यांचे चिमटे लावून मुखपृष्ठं पुढे करून टांगली. त्याच आठवड्यात मुलं स्वतः ओढून काढायला लागली. पण तीस-चाळीस रुपयांचं पातळ पुस्तक बघून आईवडिलांचं एकच, “एवढंसंच? दहा मिनिटांत संपेल.” अहो, संपू दे की! तो ते पंचवीस वेळा वाचायला लावणार आहे तुम्हाला. शिवाय अशा पुस्तकात दुकानदाराच्या हाती जेमतेम दहा-बारा रुपये येतात, म्हणून तोही ते फार पुढे करत नाही. हे मी माझ्यावरूनच सांगते.

मुलासाठी माधुरी पुरंदरेंपासून सुरुवात करा. लिहितात त्याच आणि चित्रंही त्यांचीच, त्यामुळे मजकुरात नसलेली गंमत चित्रात सापडते. २०१४चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. ‘राधाचं घर’मधली माणसं आपल्या घरातल्यासारखी वागतात, उपदेश करत नाहीत. प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं स्वस्त आहेत आणि त्यांच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर फुकट वाचता येतात. आधी तिथे वाचून दाखवा, जे पुन्हा मागेल ते विकत आणा. दुकानदार असताना हे गिऱ्हाइकांना सांगायचे तेव्हा नवरा कपाळाला हात लावायचा.

दहाच्या मुलीचं वेगळं. या वयात मालिका लागते, एकदा नायक आवडला की पुढचं काम तोच करतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून चालतो. २०१७मध्ये चित्रपट आला तेव्हा मागणी एकदम वाढली, पण पडद्यावरचा बनेश (फास्टर फेणेचं खरं नाव) मोठा झालेला तरुण आणि पुस्तकातला फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. दोन-तीन मुलं “हा तो नाहीये” म्हणत पुस्तक परत घेऊन आली. एकीला मी म्हटलं, आठ पानं इथेच बसून वाच, मग ठरव. पुस्तक घेऊन गेली ती पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागासाठी हजर. बालभारतीचं ‘किशोर’ मासिकही लावा. १९७१पासून निघतंय, जुने अंकही बालभारतीने नेटवर फुकट ठेवलेत.

पुरस्काराच्या बातमीवरून धावू नका, निदान त्याच आठवड्यात नको. बातमी आली की लोक कात्रण घेऊन यायचे आणि प्रकाशकाकडे प्रती संपलेल्या असायच्या. पुनर्मुद्रण होऊन पुस्तक येईपर्यंत कात्रण हरवलेलं. दोन महिने थांबलात तर दुकानात शांतपणे चाळून घेता येईल.

आणि पुढच्या वेळी दुकानात गेलात की यादीऐवजी नमुना प्रती कुठे आहेत ते विचारा, सगळ्यात मळलेली उचला. माझ्याकडे ती एका बेडकाच्या पातळशा पुस्तकाची होती. चार वेळा टेप लावली, एका पानावर आंब्याच्या रसाचा अंगठा होता. माझ्या यादीत ते पुस्तक कधी आलं नाही. मुलीला मात्र एकटीला सोडा कपाटापाशी, तुम्ही बाहेर चहा घ्या. दहाव्या वर्षी आईसमोर कुणी खरं आवडलेलं पुस्तक उचलत नाही.