घरातल्या सर्व्हर रॅकमधला केबलचा गुंता कसा आवरायचा?

तुम्ही विचारलंय की १२ यू ची (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) रॅक आहे, त्यात स्विच, राउटर, नॅस (घरच्या नेटवर्कवरचा फाइली साठवायचा डिस्कचा डबा) आणि एक जुना पीसी, मागे वायरींचा नुसता गुंता झालाय, तर झिप टायचं पाकीट आणून सगळं करकचून बांधून टाकू का. नका हो. मी नेमकं तेच केलं होतं.

आमचं घर सिडकोत, रॅक जिन्याखाली. सगळ्या वायरींची एक ताठ जुडी बांधली, फोटो काढून मित्रांना पाठवला, खूश. सहा महिन्यांनी नॅसमधली डिस्क गेली आणि नॅस पुढे ओढायला गेलो तर इंचभर हलेना, मग रात्री मोबाईलच्या उजेडात एकेक टाय कापत बसलो आणि एका ठिकाणी कटर केबलवरच चालला. दुसऱ्या दिवसापासून वरच्या खोलीत स्पीड १०० एमबीपीएसच्या वर जाईना. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलच्या आतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, त्यामुळे लिंक बंद पडत नाही, गुपचूप हळू होते आणि आपण इंटरनेटवाल्याला शिव्या घालतो.

निफाडला मामांची द्राक्षबाग आहे. ते रॅक बघून म्हणाले, "अरे, हे बांधलंय का फास लावलाय?" बागेत वेल तारेला सैलच बांधतात, नाहीतर खोड जाड झालं की सुतळी आत रुतते. केबल काही जाड होत नाही, पण करकचून बांधली की आतल्या पीळ दिलेल्या जोड्या चेपतात आणि सिग्नल बिघडतो. तेव्हापासून फक्त वेल्क्रो, तोही आत बोट जाईल इतका सैल. आणि केबल काटकोनात मोडू नका, कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल साधारण ६ मिमी जाड असते, तिच्या वळणाची त्रिज्या अडीच सेंटीमीटर तरी ठेवा.

पण खरं सांगू का, गुंता बांधण्यामुळे सुटत नाही, तो लांबीमुळे होतो. जिथे वीतभर कॉर्ड पुरते तिथे आपण घरात पडलेली दोन मीटरची लावतो आणि उरलेली मागे कोंबतो. स्विचच्या लगेच वर १ यू चं पॅच पॅनेल (पुढे सॉकेटांची रांग असलेली पट्टी) बसवा, भिंतीतून आलेल्या केबली त्याच्या मागे पंच करा, म्हणजे तारा खाचांत दाबून बसवा (दोन्ही टोकांना तारांच्या रंगांचा एकच क्रम, ए किंवा बी, मी बी वापरतो) आणि पॅनेल ते स्विच पाव मीटरच्या कॉर्ड. भिंतीच्या केबलला मागे हातभर जास्तीची ठेवा, उद्या पंचिंग चुकलं तर कामाला येते. स्वस्तातली तांबं चढवलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल मात्र घेऊ नका, दुकानदार काहीही सांगू दे, कॅमेऱ्याला पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज) देणार असाल तर मुळीच नाही.

पॉवरच्या वायरी एका बाजूने, डेटाच्या दुसऱ्या. अ‍ॅडॅप्टरचे ठोकळे खालच्या शेल्फवर, यूपीएस जड म्हणून सगळ्यात तळाला.

लेबल दोन्ही टोकांना हवं. मी आधी डॉक्टर टेप लावली, ती गळून पडली, मग इन्सुलेशन टेप, तिचा गोंद एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात असा चिकट झाला की त्यावर धूळ बसून अक्षरच दिसेना. शेवटी लेबल प्रिंटर घेतला, हा खर्च आधीच करायला हवा होता.

आता सुरुवात: आधी पुढून-मागून फोटो काढा, सगळं एकदम उपसू नका, एक केबल काढायची, मापाची लावायची, लेबल, चालतंय का बघायचं, मग पुढची. माझा एक अख्खा रविवार गेला. हे करताना काही केबली अशा सापडतील ज्या कुठेच जात नाहीत. माझ्याकडे तीन निघाल्या, त्यातली एक मी वर्षभर मन लावून वेल्क्रोत बांधून ठेवली होती.